मोकळ्या घरातली मांडणी

४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

फोन लागत नाही म्हणून तू शेजारच्या नर्सबाईंकडे निरोप ठेवलास. तो लागणारच नाही. घरातला आणि खिशातला, दोन्ही फोन मी काढून टाकले. आता ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्याने कागद घ्यावा, पेन घ्यावं आणि आपल्याकडे बोलण्यासारखं काही आहे का याचा आधी विचार करावा. तू लग्न करून गेल्यापासून आपल्या दोघांत जेवढं बोलणं झालं ते एका पोस्टकार्डात मावलं असतं, तेव्हा तुझं काही अडणार नाही.

तुला आईशी बोलायचं असतं हे मला कळतं. दर रविवारी तुम्ही दोघी तासभर काय बोलायचात ते मी ऐकायचो. काय खाल्लंस, पाय दुखतो का, थेंब घातलेस का. एवढ्यासाठी तारा कशाला हव्यात? पत्रात लिही, मी तिला वाचून दाखवीन. तिला आताशा अक्षर लागत नाही. वय झालं.

तू म्हणशील, हे नवीन खूळ कुठून आलं. मी दुकानात होतो तेव्हा शाळा सुटली की तू फुटपाथवर उभी राहून काचेतून मला वाकुल्या दाखवायचीस, ते आठवतं का? त्या काचेच्या आत राहून मी जन्मभर एकच काम केलं. नको असलेल्या वस्तू लोकांना हव्याशा वाटतील अशा मांडायच्या. चांगले धडधाकट बूट घातलेला माणूस शोकेससमोर थांबायचा आणि स्वतःच्या पायांकडे बघून खजील व्हायचा. त्याचे मला पैसे मिळायचे. निवृत्त व्हायच्या आठवड्यात रंगकामासाठी मोठी शोकेस रिकामी केली. आत नुसती पांढरी भिंत, एक शिडी आणि वरून दिवा. तर लोक थांबायला लागले. माझ्या कुठल्याही मांडणीपुढे एवढे थांबले नव्हते. एक बाई डोळे पुसत होती. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, आपल्याला जे हवंय ते हे आहे.

तेव्हापासून दर रविवारी एक वस्तू घराबाहेर. टीव्ही गेला, भिंतीवरची चित्रं गेली, आरसा गेला. आरशाचं तुझ्या आईला काहीच वाटलं नाही. "मला तसाही तो उपयोगाचा नाही," म्हणाली. मला वाटलं, चला, हिलाही गोडी लागली.

पण तिला अजून वस्तूंचा सोस आहे. कपाटापुढून जाताना कपाटाला हात लावल्याशिवाय पुढे जायची नाही. मग टेबलाची कड चाचपणार, मग खुर्चीची पाठ. सगळ्यांची विचारपूस करत चालल्यासारखी. मी म्हटलं, "अगं, ते जागेवरच आहेत." तर म्हणते, "आहेत ना? मग बरं."

मी सुखात आहे, हे तुला कळवावं म्हणून हे पत्र. तुझा ड्रायव्हिंगमास्तर बरा असेल. गाडी शिकवणारा माणूस, त्याला जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबायचा. असो.

तुझे वडील


६ मार्च

चि. ठिणगीस,

तुझं पत्र पोचलं. तुला दिवस गेल्याची, इतके महिने तू फोनवर दडवलेली बातमी आईला वाचून दाखवली. ती रडायला लागली, मग हसायला लागली, मग "सातवा म्हणजे मे महिन्यात," असं चारदा म्हणाली. डॉक्टरांनी तुला हलायचं नाही म्हणून सांगितलंय तेही वाचलं. पडून राहा. रिकामं राहण्याची सवय वाईट नाही.

तुझा पाळणा आता पाठवता येणार नाही. तो जानेवारीतच देऊन टाकला. मूल म्हणजे केवढा पसारा हे तुला लवकरच कळेल, त्यात आणखी लाकूड कशाला.

इकडची बातमी म्हणजे कपाट गेलं. शाळेला दिलं. चार माणसं लागली, जिन्याच्या वळणावर अडकलं, त्यातल्या एकाने मला शिव्याही दिल्या. पण ते गेल्यावर भिंत अशी काही उघडी पडली की मी पुढ्यात बसूनच राहिलो. तुझ्या आईला मात्र तेवढाही धीर नाही. स्वयंपाकघरातून आली, सवयीने कपाटाला हात टेकायला गेली आणि तिथे हवा. कपाळाला टेंगूळ आलं. वस्तू जाते पण सवय जात नाही, हे मी तिला समजावून सांगत होतो, ती बर्फ शोधत होती.

बर्फ नव्हता, कारण फ्रिज त्याच्या आधीच्या रविवारी गेला. त्या फ्रिजची घुरघुर मला कधीच आवडली नाही. आई त्यावरून थोडी आडवी आली.

"त्यात माझे थेंब असतात," म्हणाली.

"थेंबांसाठी एवढं धूड पोसायचं?"

"गार ठेवायला सांगितलेत ते."

"फ्रिज नव्हते तेव्हा लोकांना डोळे नव्हते का?"

यावर तिने बाटल्या बाहेर काढून माझ्या हातात दिल्या. पटलं असावं.

तू पाठवलेल्या बाटल्या मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने लावल्या आहेत. सकाळचं ऊन त्यांच्यातून आरपार येतं आणि समोरच्या मोकळ्या भिंतीवर उजेडाचे छोटे छोटे ठिपके पडतात. दुकानात मला कधी एवढ्या थोडक्यात एवढी देखणी मांडणी जमली नाही. आईला दाखवली. ती भलत्याच भिंतीकडे बघून "छान आहे" म्हणाली. तिचं असंच असतं, लक्ष नसतं.

तुझे वडील


१४ मार्च

बाबा,

हे पत्र आईला वाचून दाखवण्याआधी तुम्ही स्वतः एकदा पूर्ण वाचा.

आईला काचबिंदू आहे. तुम्हाला माहीत आहे. निदान झालं तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसून दवाखान्याच्या पडद्यांचा रंग कसा चुकलाय ते मला सांगत होता. तिला बाजूचं काही दिसत नाही. समोरचं दिसतं, तेही नळीतून बघावं तेवढंच. आणि ते तेवढं टिकवायला थेंब आहेत. न उघडलेल्या बाटल्या गारच ठेवाव्या लागतात. तुम्ही त्या उन्हात मांडल्यात. त्या फेकून द्या. मी नवीन पाठवते आहे, त्या नर्सबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवा, मी त्यांना वेगळं लिहिलंय.

या आजारात गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशन करूनही नाही. ऑपरेशनने फक्त उरलेली वाचते, तेही वेळेत केलं तर.

ती कपाटाला हात लावते ते कपाटावर जीव आहे म्हणून नाही. ती वाट काढते, बाबा. घर तिच्या हातात पाठ आहे. त्यातलं काही हलवू नका.

मोठ्या डॉक्टरांची अठ्ठावीस तारखेची वेळ मिळाली आहे. मला हलता येत नाही, म्हणून माझा नवरा सकाळी गाडी घेऊन येईल. आईला तिचे दोन कपडे घेऊन तयार ठेवा. तुम्ही जमिनीवर झोपा, भिंतीकडे बघत बसा, माझं काही म्हणणं नाही. फक्त आईला पाठवा.

ठिणगी


३० मार्च

चि. ठिणगीस,

पत्र लिहिण्याची एक रीत असते. बापाला हुकूम सोडायची नसते. तरी मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, उपदेशाचा भाग गाळून. तू बरी आहेस, भूक लागते, बाळ लाथा मारतं, एवढं ऐकून ती खूश झाली. तारखेचं मी तिला सांगितलं नाही. आस लावून बसली असती आणि रक्तदाब वाढवून घेतला असता.

तुझा ड्रायव्हिंगमास्तर परवा येऊन गेला. दुर्दैवाने आई नेमकी बाहेर गेली होती, चुकामूक झाली. मी त्याला आत बोलावणार होतो, पण त्याने दारातूनच बसायला खुर्ची शोधली, ते बघून म्हटलं याला इथे अवघडल्यासारखं होईल. दार लावून घेतलं. जिना उतरताना तो दोनदा मागे वळला. माणूस वाईट नसावा, पण त्याला मोकळी जागा बघवत नाही.

टेबल त्याच्या आदल्या रविवारी गेलं होतं. आता बाहेरच्या खोलीत एक खुर्ची आणि एक स्टूल उरलंय. या दोन वस्तूंशी मी काय काय करतो ते तू बघायला हवंस. सकाळी खुर्ची खिडकीपाशी, स्टूल दाराकडे. ऊन फिरलं की खुर्ची भिंतीशी, स्टूल मध्यावर. दुकानात चार दिवसांनी मांडणी बदलावी लागायची, नाहीतर लोकांची नजर मरते. ती सवय अजून हाताला आहे.

ऑपरेशनबद्दल म्हणशील तर आईची इच्छा नाही. मी विचारलं, ती नको म्हणाली. नवीन बाटल्याही परत पाठवतो आहे. नर्सबाईंच्या फ्रिजमध्ये आपलं सामान ठेवायचं म्हणजे आपला पसारा दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकायचा. मला ते बसत नाही. खिडकीतल्या जुन्या आहेत त्या ती घालते, सकाळ-संध्याकाळ, अगदी नेमाने.

तुझे वडील


२६ एप्रिल

चि. ठिणगीस,

तुझी तीन पत्रं आली. तिन्हींत एकच मजकूर. मी तारीख आईला सांगितली नाही असं एका वाक्यात लिहितो आणि ती नको म्हणाली असं दुसऱ्यात, हे तू पकडलंस म्हणून तुला फार हुशारी वाटते आहे. लहानपणापासून तुला कोर्टात उभं राहायची हौस. असो, मी काही उत्तर देणार नाही, कारण इकडे मला सवड नाही.

मी वाचनालयात बोललो त्याचं वर्तमानपत्रात छापून आलं. "मोकळ्या घरातला सुखी माणूस." तेव्हापासून लोक घर बघायला येतात. चपला बाहेर काढतात, आत आले की आपोआप आवाज खाली करतात. काल एक प्राध्यापक आणि त्यांची बायको आली होती. आई पाणी घेऊन बाहेर आली. तिचं चालणं हल्ली फार बदललंय. पाऊल आधी नुसतं टेकवते, मग त्यावर भार देते, एक हात थोडा पुढे. प्राध्यापकांची बायको माझ्या कानात म्हणाली, "किती शांत चालतात हो तुमच्या घरी." मलाही ते तेव्हाच जाणवलं. पूर्वी ही बाई घरभर धावायची. मग आईने पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं, पण ती मंडळी समजूतदार होती.

नर्सबाई मात्र माझ्या मागे लागल्या आहेत. जिन्यात गाठून म्हणाल्या, "साहेब, त्यांना आता जवळजवळ काहीच दिसत नाही. तुमच्या लक्षात येतंय का?" मी म्हटलं, तुम्ही इंजेक्शनं देत होता, तपासत डॉक्टर होते. तरी त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी. परवा दुपारी आई आत होती, तेव्हा मी स्टूल तिच्या रोजच्या वाटेवर ठेवलं आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात गुपचूप उभा राहिलो. ती आली. मध्येच जरा थांबली, मान वळवली, जणू काही ऐकतेय. मग पुन्हा निघाली आणि स्टुलावर गेली. गुडघ्याला लागलं. पडली नाही. स्टूल उचलून तिने आपल्या हाताने बाजूला ठेवलं आणि पुढे गेली. "आई गं" सुद्धा म्हणाली नाही.

तर खात्रीचं म्हणशील तर, ते सोड. मला एवढंच दिसलं की ती तक्रार करत नाही. ज्याला काही नको असतं तोच तक्रार करत नाही. लोक यासाठी डोंगरावर जाऊन बसतात, तिला ते घरबसल्या मिळालं.

तुझे वडील


१९ मे

चि. ठिणगीस,

मुलगी झाली हे नर्सबाईंकडून कळलं. बापाला कळवण्याइतका कागद तुझ्या घरात नसावा. आशीर्वाद.

आई तुझ्याकडे पोचली असेल. मला न विचारता तिला नेलं. मी बाहेर गेलो होतो ते साधून तुझा ड्रायव्हिंगमास्तर दवाखान्यात आला, कागदांवर सही केली आणि मागच्या सीटवर उशा रचून तिला घेऊन गेला. नर्सबाईंनी त्याला फोन केला, हेही मला ठाऊक आहे. आता त्यांना जिन्यात मी ओळख देत नाही. खरं म्हणजे आधी त्यांनीच देणं बंद केलं.

तिने तुला काय सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून जे झालं ते लिहितो. एका मासिकाचा फोटोग्राफर येणार होता. सकाळी बघतो तर घरभर सुतळी. स्वयंपाकघराच्या दारापासून आतल्या खोलीच्या दारापर्यंत, तिथून न्हाणीपर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, खिळ्यांना गुंडाळलेली. माझ्या पांढऱ्या भिंतीत खिळे. म्हणाली, "चार दिवस झाले बांधून. तुम्हाला दिसली नाही?" तिने ती कुठून आणली, खिळे कसे ठोकले, देव जाणे. बोटं काळीनिळी झाली होती.

मी ती काढली. फोटोत कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी दिसली असती. संध्याकाळी परत बांध म्हणालो होतो, हे तिने सांगितलं नसेल. फोटोग्राफरला दिव्यांच्या वायरी आत घ्यायच्या होत्या म्हणून पुढचं दार उघडं ठेवलं. त्याने मला खुर्चीत बसवलं. खिडकीतून ऊन येत होतं, खोली अशी दिसत होती की मला स्वतःलाच भरून आलं. तेवढ्यात आई आतून आली. पाण्याला निघाली होती. स्वयंपाकघराचं दार आणि जिन्यावर उघडणारं पुढचं दार शेजारी शेजारी, तुला माहीत आहे. मी बघत होतो. ती पुढच्या दाराकडे वळली तेव्हा मला वाटलं, वळेल परत.

खुब्याचं हाड आहे, भरून येतं. फोटो छापून आलाय. ती त्यात नाही.

तिला बरं वाटलं की पाठवून दे. बसने सोय होते.

तुझे वडील


२ जून

बाबा,

खुबा भरतो आहे. डोळे गेले. दोन्ही. डॉक्टर म्हणाले, मार्चमध्ये आणलं असतं तर एक डोळा वाचला असता.

बाळाचं तोंड आईने हातानेच बघितलं.

यापुढे मला लिहू नका. लिहिलंत तरी उत्तर मी देणार नाही.

ठिणगी


११ ऑगस्ट

चि. ठिणगीस,

उत्तर देऊ नकोस, पण वाच.

हल्ली लोक फारसे येत नाहीत. जे येतात ते दारातच विचारतात, "त्या कुठे आहेत? फार शांत होत्या." मी एकट्याने दाखवलेलं घर त्यांना पुरत नाही असं दिसतं. गेल्या आठवड्यात एकजण आला, इकडे तिकडे बघून म्हणाला, "सामान यायचंय का अजून?" मी त्याला हाकलून दिलं.

मी विचार करून ठरवलंय की आईला काही गोष्टी लागतील तर माझी हरकत नाही. माणसाने फार ताणू नये. शाळेकडून कपाट परत आणलं. त्यांनी पुष्कळ कुरकुर केली, मुलांनी त्यावर नावं कोरून ठेवली आहेत. टेबल दुसऱ्याच्या घरी गेलं होतं, तेही भांडून आणलं. फ्रिज मिळाला नाही, दुसरा बघतो आहे, तसाच घुरघुरणारा. तिला हवं ते सगळं तिच्या जागेवर लावून देईन, म्हणजे तिला चाचपत फिरता येईल. तेव्हा पाठवायला हरकत नाही असं तिला सांग.

अडचण एवढीच आहे की ते नेमकं कुठे होतं ते मला आठवत नाही. कपाट तीन दिवस खोलीच्या मधोमध उभं आहे. या भिंतीला लावून बघितलं, त्या भिंतीला लावून बघितलं. सगळीकडे ते नवीनच वाटतं. टेबलाचं तसंच. उभा जन्म मी मांडणी केली, कुठल्या शोकेसमध्ये कुठला बूट होता ते मला आजही डोळ्यांपुढे दिसतं, आणि घरातलं काही म्हणता काही दिसत नाही. मी ते कधी बघितलंच नसावं.

कपाटाच्या एका कडेला लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. हाताच्या उंचीवर. काल संध्याकाळी मी तिथे हात ठेवून उभा होतो.

कसं होतं ते आईला विचार. मी विचारलंय असं सांगू नकोस.

तुझे वडील


१ सप्टेंबर

अहो,

मी सांगते आहे आणि ठिणगी लिहिते आहे. तिला उत्तर द्यायचं नव्हतं, मी द्यायला लावलं. काहीही गाळू नकोस म्हणून बजावलं आहे. तुमची सगळी पत्रंही तिने मला वाचून दाखवली, गाळल्याशिवाय. दोन दुपारी लागल्या. मध्ये तिला रडू आलं की आम्ही थांबत होतो.

माझी तब्येत ठीक आहे. काठी घेऊन चालते. मला इथे एक खोली आहे, लहानशी. त्यात एक खाट, एक खुर्ची आणि दाराशी एक खुंटी. मी आले त्याच दिवशी जावयाने खुर्चीचे पाय स्क्रूने जमिनीला पक्के केले. मला वाटलं होतं तो अबोल आहे, पण खूप बोलतो. वळणं कशी घ्यायची ते मला शिकवतो, शिकायला येणाऱ्यांना सांगतो तशी. दुपारी बाळ मांडीवर देतात. तिला माझं नाक ओढायला आवडतं. एवढंच आहे माझ्याकडे आणि मी सुखात आहे. माणसाला फार लागत नाही असं तुम्ही सांगायचात, ते अगदी खरं निघालं. मला वाटलं होतं तुमचं चुकतंय.

तुम्ही घराबद्दल विचारलंत ते सांगते.

पुढच्या दारातून आत आलं की उजव्या हाताला भिंत. दोन पावलं मोकळी, मग कपाट. झिजलेली कड दाराच्या बाजूला येईल असं लावा. कपाट संपलं की लगेच टेबल, दोन्हीत मूठभर फट. तिथे भिंतीला एक खडबडीत जागा लागते, तुम्ही चित्राचा खिळा उपटलात तिथली. टेबलाला कोपरा आहे तो कमरेला लागतो, म्हणून त्याला मी फडकं बांधलं होतं. ते फडकं तुम्ही घाणेरडं दिसतं म्हणून काढायचात, मी परत बांधायची. टेबल सोडलं की हात पुढे केला की खुर्चीची पाठ. खुर्चीपासून आतल्या खोलीचं दार एका हातावर. त्या दाराची चौकट खालून फुगली आहे, पायाला कळते. स्वयंपाकघर डाव्या हाताला. त्याच्या आणि पुढच्या दारातला फरक मला फ्रिजवरून कळायचा. घुरघुर आली की पाणी, नाही आली की जिना. तेवढंच लक्षात ठेवायचं असायचं.

जावई मला घ्यायला आला त्या सकाळी मी आत कपड्यांच्या घड्या करत होते. त्याचा आवाज ओळखला. तुम्ही "ती बाहेर गेली आहे" म्हणालात तेही ऐकलं. मी लगेच निघाले. टेबल गेल्याचं आदल्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं, पण घाईत हात आधी तिकडेच गेला. तिथे काही नव्हतं. मग मला दिशा राहिली नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. त्याची पावलं जिन्यावरून गेली ती ऐकली. तुम्ही येऊन म्हणालात, "इथे काय करतेस?" मी म्हटलं, काही नाही.

मी येणार नाही. हे सगळं सांगितलं ते तुम्हाला लावून घेता यावं म्हणून. तुम्हाला घर नीट आठवत नाही हे ऐकून मला कसंसंच झालं. राहत्या माणसाला आपलं घर माहीत असावं.

एक राहिलं. खिडकीजवळचा कोपरा. तिथे आपण कधी काही ठेवलं नाही, म्हणून मला तिथे हात लावायला काही नसायचं. एप्रिलमध्ये एका दुपारी तुम्ही तिथे उभे होता. तुमच्या दाढीच्या साबणाचा वास मला खोलीत पाऊल टाकताच आला. वाटेत काहीतरी ठेवलेलं असणार हेही कळलं, कारण तुम्ही श्वास धरून होता. मी थांबले. तुम्ही "जपून" म्हणाल म्हणून थांबले. मग हळू चालले, तुम्हाला म्हणायला वेळ मिळावा म्हणून.

तो कोपरा तसाच मोकळा ठेवा. कपाट, टेबल, खुर्ची सगळं जागेवर लावून झालं की तिथे जाऊन उभे राहा. तिथून सगळं घर दिसतं म्हणे.